चिकटलेलं यीस्ट

वनमालाचे आकडे माझ्यापेक्षा कमी यायचे. एकाच स्लाइडवर शंभर पेशींतले यीस्टचे कण मी मोजले की उत्तर तीनशेच्या आसपास, तिने मोजले की दोनशेच्या खाली. १९८६च्या डिसेंबरात हे सुरू झालं, मार्चपर्यंत चाललं, आणि तेवढ्या काळात चूक माझी असू शकेल असं माझ्या मनात एकदाही आलं नाही.

अंधेरीला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका ट्रस्टने जुन्या बंगल्यात लहानसं संशोधन केंद्र चालवलं होतं. खाली माशांच्या टाक्या, वर प्रयोगशाळा. प्रमुख डॉ. राजाराम नाबर. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून त्यांच्याकडे लागलो होतो आणि जूनमध्ये पीएच.डी.साठी नाव नोंदवायच्या बेतात होतो. वनमाला गायकवाड बी.एस्सी. होती, सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर सहायक म्हणून आलेली. घाटकोपरहून बसने यायची आणि जोगेश्वरीहून येणाऱ्या माझ्या आधी पोचायची. तिसरे धोंडूमामा, टाक्यांची देखभाल करणारे. संपात गिरणी सुटली आणि ते इथे आले. प्रयोगाआधी आम्ही मासे दोन दिवस उपाशी ठेवायचो, ते त्यांना अजिबात पटत नसे. "माशांका उपाशी ठेवतंस आणि वर सुई टोचतंस," ते म्हणायचे. "पुढल्या जल्मात मासोच होतलंस, अनंता."

मासे म्हणजे तिलापिया, आरे कॉलनीतल्या तळ्यातून आणलेले. माशाच्या स्नायूत टर्पेंटाइनचा थेंब टोचला की तिथे सूज येते, आणि चोवीस तासांत त्याच्या रक्तात एक प्रोटीन कितीतरी पटींनी वाढतं. दुखापत झाली की माणसाच्या रक्तातही त्याचं भावंड असंच वाढतं. हे प्रोटीन नेमकं करतं काय, हा आमचा प्रश्न होता. सरांचा अंदाज असा की ते पांढऱ्या पेशींना खायला लावतं: जंतू आला की पेशी त्याला गिळते, आणि प्रोटीन असलं की जास्त गिळते. ते तपासायला आम्ही माशाच्या मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकातून, जिथे या पेशी तयार होतात तिथून, पेशी काढून स्लाइड्सवर पसरायचो. निम्म्या स्लाइड्सवर प्रोटीन घालायचं, निम्म्यांवर साधं मिठाचं पाणी, आणि सगळ्यांवर उकळून मारलेलं यीस्ट. तासाभराने धुवायचं, रंगवायचं, आणि शंभर पेशींनी मिळून यीस्टचे किती कण गिळले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं.

मोजणाऱ्याला कुठली स्लाइड कशाची हे कळता कामा नये. कळलं की डोळे हवं ते बघायला लागतात. म्हणून माझी पेन्सिलीची खूण धोंडूमामा कागदाच्या पट्टीने झाकत, पट्टीवर आपल्या मनाने क्रमांक घालत, आणि कुठला क्रमांक कशाचा याची चिठ्ठी पाकिटात बंद होऊन सरांच्या कपाटात जाई. ही पद्धत मीच सुचवली होती आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ती समजावून सांगत असे.

मिठाच्या पाण्याच्या स्लाइड्सवर आमचे आकडे जुळायचे, दीडशेच्या आगेमागे. प्रोटीनच्या स्लाइड्सवर फाटा फुटायचा. माझ्या हिशेबाने पेशी दुप्पट खात होत्या. तिच्या हिशेबाने थोडंसंच जास्त.

वनमाला फार सावकाश मोजायची. प्रत्येक पेशीवर थांबून फोकसचं बारीक चाक पुढे फिरव, मागे फिरव. मी तासात चार स्लाइड्स उरकायचो, ती दोन. एकदा मी चेष्टेने विचारलं की रेडिओचं स्टेशन लागत नाही काय तिला. ती हसली नाही. वरचं आणि आतलं वेगळं दिसतं, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "यार, असं बघत बसलो तर इथेच म्हातारे होऊ." तिचं वाक्य मला नीट ऐकू आलं होतं. अर्थ विचारावा असं वाटलं नाही.

मार्च संपत आला तशी तिची नेमणूकही संपत आली. मुदतवाढीसाठी सरांचा शेरा लागत होता. लेख लिहायला घ्यायचा होता, तेव्हा कोणाचे आकडे धरायचे हेही ठरवायचं होतं. सरांनी मला एकट्याला खोलीत बोलावलं. मी सांगितलं की ती चालढकल करते, एका पेशीवर चारदा मत बदलते, आणि दिसत असलेलं यीस्ट सोडून देते. सरांनी चष्मा काढून पुसला.

"कोट्यातून येतात त्यांचं असंच," ते म्हणाले. "आपण तरी किती सांभाळून घ्यायचं?"

वनमाला कोट्यातून आलेली नव्हती. ट्रस्टच्या केंद्रात कोटाच नव्हता. माझ्यासारखीच ती जाहिरात वाचून आली होती, आणि बी.एस्सी.ला तिला माझ्याहून जास्त गुण होते. तिचा अर्ज फायलीला लावताना मी ते पाहिले होते. यातलं काहीही सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी मान हलवली. ती मान होकाराची नव्हती, नुसतं ऐकल्याची होती, असं पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत राहिलो.

सरांचं अक्षर कोणाला लागत नसे म्हणून असे कागद मी लिहायचो आणि ते खाली सही करायचे. शेऱ्यासाठी सर म्हणाले, हळू आहे असं काहीतरी लिही. मी लिहिलं: "उपस्थिती नियमित. मोजणीच्या कामात अचूकतेचा अभाव." अचूकता हा शब्द माझा होता.

एकतीस तारखेला वनमालाने तो कागद माझ्या टेबलापाशी उभं राहून वाचला. मग घडी करून पर्समध्ये ठेवला.

"अक्षर छान आहे तुझं," ती म्हणाली, आणि गेली.

धोंडूमामांनी दोन दिवसांनी विचारलं, त्या चेडवाक कित्या काढल्यात. मी म्हटलं, सरांचा निर्णय.

माझे आकडे घेऊन लेख तयार झाला. मेमध्ये एका परदेशी नियतकालिकाकडे गेला, जुलैच्या शेवटी स्वीकारल्याचं पत्र आलं. जूनमध्ये माझं पीएच.डी.चं नावही नोंदलं गेलं होतं. सगळं झकास चाललं होतं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी नव्या माशांवर तोच प्रयोग केला आणि प्रोटीनच्या स्लाइड्सचा आकडा एकशे ऐंशी आला. दुसऱ्या स्लाइडवर एकशे पंच्याहत्तर. मी खाली गेलो आणि धोंडूमामांना विचारलं की माझ्या स्लाइड्सना त्यांनी परत पाणी लावलं का. विचारलं म्हणजे दटावूनच विचारलं. ते टाकीत हात घालून जाळी घासत होते. "मी कित्याक हात लावतलंय?" ते म्हणाले, आणि जाळी घासत राहिले.

वर येऊन पाहिलं तर बेसिनशेजारी चुकीची बाटली होती. धुवायला मी मिठाच्या पाण्याऐवजी ईडीटीए वापरलं होतं. बाटलीवरची चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती, घाईत वाचली नव्हती. ईडीटीए कॅल्शियमला धरून बसतं, आणि आमचं प्रोटीन कॅल्शियम असेल तरच कशाला चिकटतं. प्रोटीन शुद्ध करताना मी रोज हेच करत होतो: कॅल्शियम असताना त्याला काचनळीतल्या मण्यांना चिकटू द्यायचं, मग ईडीटीए ओतून सोडवून घ्यायचं. दीड वर्ष माझ्या हाताने चाललेली क्रिया ती.

मी स्टुलावर बसलो. पेशीने गिळलेलं यीस्ट धुऊन निघत नाही. ते पेशीच्या पोटात असतं. ईडीटीएने जे निघून गेलं ते बाहेरच्या अंगाला चिकटलेलं असणार. म्हणजे आमचं प्रोटीन पेशीला फारसं जास्त खायला लावत नव्हतं. ते यीस्ट पेशीवर चिकटवून ठेवत होतं, आणि चिकटलेला प्रत्येक कण मी गिळलेला म्हणून मोजला होता.

डिसेंबरातल्या स्लाइड्सचा खोका काढला. एक स्लाइड लावली आणि फोकसचं बारीक चाक फिरवलं. पेशी अंधुक झाली, आणि तिच्यावर बसलेले यीस्टचे कण एकेक करून स्वच्छ उमटले. चाक मागे फिरवलं की पेशी स्पष्ट, कण अंधुक. शाळेतल्या मुलालाही कळलं असतं की ते वर आहेत. रजिस्टरमध्ये त्या स्लाइडपुढे माझा आकडा होता तीनशे बारा. तिचा एकशे शहाऐंशी. त्या दिवशी मी अकरा स्लाइड्स चाक फिरवत पुन्हा मोजल्या, आणि प्रत्येक वेळी वनमालाच्या आकड्याच्या आठ-दहाच्या आत येऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, फायलीतला पत्ता घेऊन मी घाटकोपरला गेलो. टेकडीच्या अंगाला चाळींची रांग होती, शेवटची खोली त्यांची. दार तिच्या वडिलांनी उघडलं. अंबादास गायकवाड, महानगरपालिकेच्या पाणीखात्यात होते. जयभीम म्हणाले. मी नमस्कार म्हटलं आणि माझं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत असावं, कारण त्यांनी लगेच मागे वळून वनमालाकडे पाहिलं. मग ये म्हणाले, खुर्ची दिली, आणि स्वतः चहाची पावडर आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

मी वाटेत वाक्यं जुळवली होती. ती सांगितली. बाटलीची चूक, चिकटलेलं यीस्ट, अकरा स्लाइड्स. तिचे आकडे बरोबर होते आणि माझे चूक. वनमाला पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"हे झालं एक," ती म्हणाली. "आणि दुसरं?"

"दुसरं कुठलं?"

"मिठाच्या पाण्याच्या स्लाइड्सवरही कण चिकटलेले असतात, अनंत. थोडे, पण असतात. ते तू कसे बरोबर सोडलेस? तिथे आपले आकडे जुळायचे ना?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

"तू स्लाइड लावायच्या आधी खिडकीकडे तिरकी धरायचास. दर वेळी. प्रोटीनच्या स्लाइडला कडेने पांढरी भुकटी असायची, त्यातल्या कॅल्शियमची. मला चौथ्या दिवशी दिसली ती. मग मी खिडकीकडे पाठ करून बसायला लागले."

मी म्हटलं की धूळ आहे का बघायला मी तसं धरत होतो, मला काही माहीत नव्हतं.

"असेल," ती म्हणाली. "पण तुझ्या आकड्यांना माहीत होतं."

मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस.

"कुणाला? सरांना? सर तुझ्याशी काय बोलले ते जिन्यापर्यंत ऐकू येत होतं रे. मी ट्रे घेऊन उभी होते. तू काय बोलतोस त्याची वाट बघत होते."

अंबादासकाका पावडर घेऊन आले, चहा झाला, मी तो गरम असतानाच संपवला. कसा लागला ते आठवत नाही. काकांनीच सांगितलं की ती आता मुलुंडला एका खाजगी पॅथॉलॉजीत रक्ताच्या पेशी मोजते, आणि पुढच्या शुक्रवारी महानगरपालिकेच्या एका इस्पितळात तंत्रज्ञाच्या जागेसाठी तिची मुलाखत आहे. कायमची जागा. अनुभवाचा दाखला जोडायला सांगितलाय. आमच्याकडच्या कामाचा तिच्याकडे एकच कागद होता आणि तो माझ्या अक्षरातला होता. तो जोडण्यापेक्षा ते महिने अर्जात कोरे सोडायचे तिने ठरवलं होतं.

मी म्हटलं, मी दुसरा दाखला आणतो.

"सरांना सांगितलंस हे सगळं?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"आधी इथे आलास."

"हो."

"सोपं वाटलं असेल," ती म्हणाली. ती चिडली नव्हती. त्यामुळे मान वर करणं जास्त कठीण गेलं.

सोमवारी सकाळी, कोणी यायच्या आत, मी धोंडूमामांना बारा जुन्या स्लाइड्स न बघता काढून द्यायला सांगितल्या. क्रमांकावर बोट ठेवून एकेक खिडकीकडे धरली आणि ओळखत गेलो. मग रजिस्टरशी ताडून पाहिलं. बाराच्या बारा बरोबर. पाकीट, पट्टी, कपाट, सगळं नाटक झालं होतं, आणि ते मी स्वतःसमोरच केलं होतं.

सर अकरा वाजता आले. लेखाची प्रुफं शनिवारच्या टपालाने आली होती आणि त्यांच्या टेबलावर होती. मी सगळं सांगितलं, क्रमाने, भुकटीसकट. दाखल्याचंही सांगितलं. सर बराच वेळ प्रुफांच्या कडा जुळवत बसले. मग म्हणाले, विज्ञानात असे मतभेद होतच असतात. प्रोटीनचा परिणाम होतो हे तर दोघांच्याही आकड्यांत दिसतं, मग थोडा जास्त की कमी, पुढच्या लेखात दुरुस्त करू. माझं नाव आत्ताच नोंदलं गेलंय याची त्यांनी आठवण करून दिली. मग सहज स्वरात म्हणाले की त्या मुलीला चांगला दाखला द्यायला त्यांची काहीच हरकत नाही. मुलगी मेहनती होती. मी आत्ता लिहून आणला तर ते आत्ता सही करतील, आणि मग हा विषय संपला असं धरू.

मी लिहून नेला. "मोजणीच्या कामात अत्यंत अचूक व चिकाटीची." त्यांनी सही केली, शिक्का मारला. प्रुफं माझ्या हातात देऊन म्हणाले, टायपाच्या चुका बघून गुरुवारपर्यंत पाठव.

बाहेर येताना मला हलकं वाटलं. तेच सर्वांत जास्त लागतं मला, अजूनही. मी प्रत्यक्षात हलका झालो होतो.

बुधवारी मुलुंडला गेलो. पॅथॉलॉजी स्टेशनसमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होती. वनमाला पांढऱ्या कोटात बाहेर जिन्यावर आली. दाखला तिने दोनदा वाचला. शिक्क्यावरची तारीख पाहिली.

"आणि लेख?"

मी खाली बघत सांगितलं की लेख तसाच जातोय. सर काय म्हणाले तेही सांगितलं. तोडून, जोडून, पण सांगितलं.

"म्हणजे हा कागद त्या बदल्यात."

आतून कोणीतरी तिला हाक मारली. येते म्हणून तिने उत्तर दिलं.

"मी घेते हा," ती म्हणाली. "मला लागतोय. नको म्हणण्याइतकी माझी ऐपत नाही. पण तू माझं काही भलं केलंस असं समजून घरी जाऊ नकोस." दाखल्याची घडी करता करता ती थांबली. "लेखात आभार मानलेत का माझे?"

मानले होते. शेवटच्या पानावर, दोन ओळी. पेशींच्या मोजणीत साहाय्य केल्याबद्दल कु. वनमाला गायकवाड यांचे. ते मीच घातलं होतं आणि मनाचा मोठेपणा म्हणून घातलं होतं.

"ते काढ," ती म्हणाली. "ती मोजणी माझी नाही."

गुरुवारी सकाळी मी प्रुफांचं शेवटचं पान पुढे घेऊन बसलो. दोन ओळी खोडायला दोन सेकंद. पण नियतकालिकाची सूचना होती की मजकुरात बदल केल्यास प्रत्येक बदलाचं कारण वेगळ्या कागदावर द्यावं. जागेअभावी, असं लिहिता आलं असतं. संबंधित व्यक्तीच्या विनंतीवरून, असंही चाललं असतं. दोन्ही मी कच्च्या कागदावर लिहून पाहिली. तिसऱ्यांदा लिहिलं की साहाय्यकाची मोजणी या लेखात वापरलेली नाही; ती वापरलेल्या मोजणीपेक्षा वेगळी आणि बरोबर आहे; वापरलेल्या मोजणीत पेशीवर चिकटलेलं यीस्ट गिळलेलं म्हणून धरलं आहे, आणि मोजणाऱ्याला स्लाइड्स ओळखू येत होत्या. मोजणारा मी. खाली वनमालाच्या आकड्यांचा पूर्ण तक्ता नकलून काढला, अठ्ठेचाळीस स्लाइड्सचा, आणि हे सगळं प्रुफांसोबत अंधेरीच्या पोस्टातून रजिस्टर्ड टपालाने पाठवलं.

सरांना तीन आठवड्यांनी कळलं, संपादकांचं पत्र आलं तेव्हा. लेख मागे घेतला गेला. महिनाअखेरीला मी केंद्र सोडलं. सोडायला लागलं म्हणणं जास्त खरं. मालाडला औषधांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागलो. वनमालाला ती जागा मिळाल्याचं धोंडूमामांकडून कळलं. ती त्यांना पेढे द्यायला येऊन गेली होती.

ही हकिगत ज्या दोघा-तिघांना ठाऊक आहे ते म्हणतात, स्वतःचं नुकसान करून मी खरं बोललो. मी त्यांना दुरुस्त करतो. बुधवारी मुलुंडच्या जिन्यावर तिने ते दोन ओळींचं विचारलं नसतं, तर गुरुवारी मी टायपाच्या चुका तेवढ्या बघितल्या असत्या. सात होत्या. मंगळवारीच शोधून ठेवल्या होत्या.